बुद्धिबळाचा वर्ल्ड चॅम्पियन थेट फायनलला कसा? फॉरमॅट आणि त्यामागची भांडणं

प्रश्न असा आलाय की टेनिस घ्या, बॅडमिंटन घ्या, गतविजेत्याला पुन्हा पहिल्या राऊंडपासून खेळावं लागतं, मग बुद्धिबळात जगज्जेता आरामात बसून आव्हानवीर कोण येतोय याची वाट का बघतो. सोबत अजून दोन प्रश्न, मॅच कधी २४ डावांची कधी १२ ची कधी १४ ची असं का, आणि बरोबरी झाली की रॅपिड (म्हणजे कमी वेळाचे झटपट डाव) खेळवून निकाल लावणं बरोबर आहे का. तिन्ही एकत्रच घेतो कारण खरं तर ही एकच गोष्ट आहे. हा फॉरमॅट कुणी एका दिवशी बसून आखलेला नाही. काहीतरी बिनसलं, कुणीतरी भांडलं, पुढच्या वेळी त्या भांडणापुरता एक नियम आला आणि त्या नियमातून पुढचं भांडण निघालं. मी बरीच वर्षं आर्बिटर (पंच) म्हणून काम करतोय, मुलांना शिकवतो पण, आणि ही नियमावली वाचताना मला प्रत्येक कलमाखाली कुणाचं ना कुणाचं नाव दिसतं.

सुरुवात १८८६ ची. त्याआधी पण सगळ्यात भारी कोण यावर चर्चा व्हायच्याच, अँडरसन, मॉर्फी ही नावं होतीच, पण 'ही मॅच जगज्जेतेपदासाठी' असं करारात ठरवून खेळलेली पहिली मॅच म्हणजे स्टाइनिट्झ विरुद्ध झुकरटॉर्ट. न्यूयॉर्क, सेंट लुईस आणि न्यू ऑर्लिन्स अशा तीन शहरांत झाली. नियम एकदम साधा, जो आधी दहा डाव जिंकेल तो चॅम्पियन, ड्रॉ धरायचेच नाहीत. दोन्ही बाजूंनी प्रत्येकी दोन हजार डॉलर लावलेले. न्यूयॉर्कमधले डाव संपले तेव्हा झुकरटॉर्ट ४-१ ने पुढे होता, आणि तिथून पुढे त्याचं जे काही झालं ते झालं, शेवटी स्टाइनिट्झचे १० विजय, त्याचे ५, आणि ५ ड्रॉ.

यात फिडे, म्हणजे बुद्धिबळाची जागतिक संघटना, कुठे आहे? कुठेच नाही. फिडेची स्थापनाच १९२४ ची, पॅरिसची, आणि जगज्जेतेपद तिच्या हातात यायला १९४८ उजाडलं. म्हणजे साठेक वर्षं हा किताब चॅम्पियनच्या मालकीचा असल्यासारखा होता, कुणाशी खेळायचं, कधी खेळायचं, किती पैशांवर खेळायचं हे सगळं त्याच्या मर्जीवर. त्यामुळे 'चॅम्पियन थेट फायनलला का' या प्रश्नाचं खरं उत्तर इथेच आहे. फायनल वगैरे संकल्पनाच नव्हती, बॉक्सिंगसारखं होतं, ज्याच्याकडे किताब आहे त्याला समोर बसून हरवायचं. पात्रता स्पर्धा नंतर आल्या, आणि त्या आव्हानवीर निवडण्यासाठी आल्या, चॅम्पियन निवडण्यासाठी नाही.

या मर्जीचा फायदा सगळ्यात जास्त कुणी घेतला तर लास्करने. १८९४ मध्ये स्टाइनिट्झला हरवलं आणि १९२१ पर्यंत, म्हणजे २७ वर्षं, किताब त्याच्याकडे. आजवर कुणाला हे जमलेलं नाही. पण त्यातला एक भाग कमी लोकांना माहीत असतो, स्टाइनिट्झबरोबरच्या रिमॅचनंतर, म्हणजे १८९७ नंतर, त्याने पुढची टायटल मॅच खेळली ती थेट १९०७ ला, मार्शलशी. दहा वर्षं कुणी विचारू शकलं नाही. १९१० ची श्लेश्टरबरोबरची मॅच तर फक्त दहा डावांची, ५-५ सुटली आणि लास्करकडेच किताब राहिला, आणि श्लेश्टरला एका नाही तर दोन गुणांनी जिंकायची अट होती की नव्हती यावर इतिहासकार अजून भांडतात.

मग १९२१ ला हवानात कापाब्लांकाने लास्करला एकही डाव न हरता हरवलं, चार विजय दहा ड्रॉ. आणि त्याने काय केलं तर पुढच्या वर्षी 'लंडन रूल्स' आणले: सहा विजय आधी मिळवेल तो जिंकला, आणि आव्हानवीराने किमान दहा हजार डॉलर उभे करून दाखवायचे. नियम लेखी आले ही चांगलीच गोष्ट, पण दहा हजार डॉलर त्या काळात म्हणजे गंमत नव्हती, अनेक तगडे खेळाडू तिथेच बाद झाले. पैसे जमवून १९२७ ला ब्युनोस आयर्सला समोर बसला तो आलेखिन. आधी कापाब्लांकाविरुद्ध एकही डाव न जिंकलेला माणूस. ३४ डाव चालली ती मॅच, दोन-अडीच महिने, त्यातले ३२ डाव एकाच ओपनिंगचे, क्वीन्स गॅम्बिट डिक्लाइन्ड, बघणाऱ्यांचं काय झालं असेल देव जाणे. सहा विरुद्ध तीन, पंचवीस ड्रॉ, आलेखिन चॅम्पियन. आणि मग त्याने तेच दहा हजार डॉलरचं कलम कापाब्लांकालाच लावलं. रिमॅच कधीच झाली नाही. बोगोल्युबोव्हशी मात्र दोनदा खेळला, १९२९ आणि १९३४. माझ्या मते बुद्धिबळाच्या इतिहासातला सगळ्यात मोठा अन्याय हाच, फिशरचा वगैरे नंतर.

१९४६ च्या मार्चमध्ये आलेखिन पोर्तुगालमध्ये वारला, चॅम्पियन असतानाच. आता किताब घ्यायचा कुणाकडून? हरवायला माणूसच नाही. ही अडचण आली म्हणून फिडेचा शिरकाव झाला. १९४८ ला पाच जणांची स्पर्धा, बोटविनिक, स्मिस्लोव्ह, केरेस, रेशेव्स्की आणि माजी चॅम्पियन युवे, दोन फेऱ्या हेगला आणि तीन मॉस्कोत, प्रत्येकाने प्रत्येकाशी पाच डाव. बोटविनिक २० पैकी १४ गुण घेऊन तीन गुणांनी पुढे. त्यानंतर तीन वर्षांचं चक्र बसवलं: आधी झोनल म्हणजे विभागीय स्पर्धा, मग त्यातून आलेल्यांची इंटरझोनल, मग कॅन्डिडेट्स, आणि त्यातून निघालेला एकजण चॅम्पियनशी २४ डावांची मॅच खेळणार, विजयाला एक गुण, ड्रॉला अर्धा. १२-१२ झालं तर किताब चॅम्पियनकडेच. आणि चॅम्पियन हरलाच तर त्याला वर्षभरात रिमॅचचा हक्क, हा हक्क पन्नासच्या दशकात आला.

या दोन सवलती केवढ्या मोठ्या होत्या ते बोटविनिककडे बघून कळतं. १९५१ ला ब्रॉन्स्टाइनशी १२-१२, किताब राखला. १९५४ ला स्मिस्लोव्हशी १२-१२, राखला. १९५७ ला स्मिस्लोव्हकडून हरला, १९५८ ला रिमॅच जिंकली. १९६० ला तालकडून हरला, १९६१ ला रिमॅच जिंकली. १९६३ ला पेट्रोसियानकडून हरला, आणि तोपर्यंत रिमॅचचं कलम काढून टाकलं होतं, संपलं. नीट बघा, चॅम्पियन म्हणून बसलेला असताना त्याने एकही टायटल मॅच जिंकलेली नाही, दोन बरोबरीत आणि तीन हरला. तरी पंधरा वर्षांचा तो काळ आपण बोटविनिकचा म्हणून ओळखतो. तो महान होता यात वाद नाही, रिमॅचला ज्या तयारीने यायचा ते बघून आजही शिकवायला मिळतं, पण फॉरमॅट इतिहास कसा घडवतो याचं याहून चांगलं उदाहरण माझ्याकडे नाही.

कॅन्डिडेट्सची पण वेगळीच कथा. सुरुवातीला ती राऊंड रॉबिन असायची, सगळे सगळ्यांशी. १९६२ ला कुरसाव बेटावर पेट्रोसियान, केरेस आणि गेलर या तिघांनी आपापसातले सगळे बाराच्या बारा डाव ड्रॉ केले, बरेचसे पटकन. फिशर चौथा आला आणि त्याने जाहीर आरोप केला की सोव्हिएत खेळाडू संगनमत करून खेळतात. आता ते तिघं ठरवून ड्रॉ करत होते हे आज बहुतेक सगळे मान्य करतात, त्यामुळेच फिशर हरला हे मात्र मला पटत नाही, तो त्या स्पर्धेत साडेतीन गुणांनी मागे होता. पण आरोपाचा परिणाम झाला, पुढच्या चक्रापासून कॅन्डिडेट्स नॉकआऊट मॅचेसची झाली. समोरासमोर दोघंच, ड्रॉ वाटून घ्यायला तिसरा नाहीच.

आणि गंमत म्हणजे याच मॅचेसच्या जोरावर फिशर वर आला. १९७० च्या इंटरझोनलसाठी तो पात्रच नव्हता कारण अमेरिकेची राष्ट्रीय स्पर्धा तो खेळलाच नव्हता, पाल बेन्कोने आपली जागा सोडली म्हणून तो गेला. मग १९७१ ला ताइमानोव्ह ६-०, लार्सन ६-०, पेट्रोसियान साडेसहा-अडीच. ग्रँडमास्टरला सलग सहा डाव हरवणं म्हणजे काय हे ज्याने कधी एक ड्रॉ वाचवण्यासाठी पाच तास घालवलेत त्यालाच कळेल. १९७२ ची चॅम्पियन स्पास्कीविरुद्धची रेक्याविकची मॅच सगळ्यांना माहितीय, पहिला डाव हरला, दुसऱ्याला कॅमेऱ्यांच्या तक्रारीवरून आलाच नाही, ०-२ पिछाडीवरून साडेबारा-साडेआठ जिंकला. ती मॅच होण्याआधी पैशांवरून अडली होती हे मात्र विसरलं जातं, ब्रिटिश उद्योगपती जिम स्लेटरने स्वतःचे सव्वा लाख डॉलर घालून बक्षीस दुप्पट केलं तेव्हा फिशर विमानात बसला.

चॅम्पियन झाल्यावर फिशर म्हणाला २४ डावांची मॅच बोगस आहे, एक गुण पुढे गेलं की माणूस ड्रॉ करत बसतो. त्याच्या अटी अशा: दहा विजय मिळवेल तो जिंकला, ड्रॉ धरायचे नाहीत, डावांना मर्यादा नाही, आणि ९-९ झालं तर किताब चॅम्पियनकडे. फिडेने विजय मोजायचं मान्य केलं, डावांची मर्यादा पण काढली, फक्त ९-९ चं कलम नाही मानलं, कारण त्याचा अर्थ आव्हानवीराने निदान १०-८ जिंकलं पाहिजे. फिशरने किताब सोडला आणि एप्रिल १९७५ मध्ये कार्पोव्ह एकही चाल न खेळता चॅम्पियन झाला. लोक फिशरला वेडा म्हणून मोकळे होतात. ड्रॉबद्दलची त्याची तक्रार चुकीची नव्हती, उपाय चुकीचा होता, आणि तो किती चुकीचा होता ते कळायला दहा वर्षं गेली.

कारण फिडेने त्याच्या कल्पनेची छोटी आवृत्ती ठेवली, सहा विजय आणि डाव अमर्याद. १९७८ ला फिलिपिन्समधल्या बागियोला कार्पोव्ह विरुद्ध कोर्चनोय, तीन महिने, ३२ डाव. कार्पोव्ह ५-२ ने पुढे, मग कोर्चनोयने चारपैकी तीन डाव जिंकून ५-५ केलं आणि बत्तीसावा कार्पोव्हने घेतला. मध्ये दह्याच्या वाटीवरून वाद, प्रेक्षकांत बसून रोखून बघणाऱ्या मानसशास्त्रज्ञावरून वाद, आरशाचे चष्मे. पण खरा फज्जा उडाला १९८४ ला. मॉस्को, कार्पोव्ह विरुद्ध कास्पारोव्ह. नऊ डावांत कार्पोव्ह ४-०, सत्तावीस डावांत ५-०, आता फक्त एक विजय हवा होता. तो आलाच नाही. कास्पारोव्हने ठरवलं की हरायचं नाही, ड्रॉ, ड्रॉ, ड्रॉ, बत्तीसावा डाव जिंकला, पुन्हा ड्रॉंची रांग, मग ४७ वा आणि ४८ वा लागोपाठ जिंकले, स्कोअर ५-३, आणि १५ फेब्रुवारी १९८५ ला फिडेचे अध्यक्ष काम्पोमानेस यांनी मॅच थांबवली. सप्टेंबरमध्ये सुरू झालेली, पाच महिने, ४८ डाव, ४० ड्रॉ, विजेता कुणीच नाही. कारण दिलं खेळाडूंच्या थकव्याचं. दोघांनीही आपल्याला पुढे खेळायचंय असंच सांगितलं. मी नवीन आर्बिटर लोकांना सांगतो, 'निकाल लागेपर्यंत खेळा' हे कलम ऐकायला कितीही न्याय्य वाटलं तरी हॉल कधी रिकामा करायचा हे ज्याला सांगता येत नाही ती स्पर्धा भरवता येत नाही.

पुन्हा २४ डाव आले. १९८५ ला कास्पारोव्ह १३-११, वय २२. १९८७ ला सेव्हियात तेविसावा डाव हरून तो एक गुण मागे पडला, शेवटचा डाव जिंकलाच पाहिजे, जिंकला, १२-१२, किताब त्याच्याकडे. बरोबरीत किताब चॅम्पियनकडे राहण्याचा नियम नाटकासाठी वाईट नव्हता असं मी म्हणतो ते या डावामुळे. आव्हानवीराला सुरुवातीपासून माहीत असतं की आपल्याला जिंकायचंय, दोघंही सावध बसून राहत नाहीत.

त्या काळातली एक गोष्ट आजच्या मुलांना सांगितली की त्यांचा विश्वास बसत नाही. पाच तास झाले की डाव तहकूब व्हायचा. ज्याची चाल आहे त्याने ती कागदावर लिहायची, लिफाफ्यात घालून आर्बिटरकडे सील करून द्यायची आणि दुसऱ्या दिवशी तिथून पुढे. रात्रभर दोन्ही बाजूंचे सहाय्यक पटावर बसायचे. १९७२ चा शेवटचा डाव असाच तहकूब होता, स्पास्कीने दुसऱ्या दिवशी फोनवरूनच डाव सोडला. कॉम्प्युटर तगडे झाल्यावर हे चालूच शकत नव्हतं, नव्वदच्या दशकात ते बंद झालं. डाव एकाच बैठकीत संपवायचा म्हटल्यावर वेळेचं गणित बदललं, एका दिवसाला एकच डाव, मधे विश्रांतीचे दिवस, आणि मग डावांची संख्या पण कमी होत गेली. २४ वरून १२ वर येण्यामागे पैसा आणि प्रायोजक आहेतच, पण तयारीचा ताणही आहे, आता प्रत्येक डावाआधी इंजिनचं (बुद्धिबळाच्या कॉम्प्युटर प्रोग्रॅमचं) एवढं मटेरियल डोक्यात भरावं लागतं की २४ डाव म्हणजे कठीणच.

१९९३ ला कास्पारोव्ह आणि शॉर्ट फिडेतून बाहेर पडले, स्वतःची संघटना काढून लंडनला खेळले, आणि तेरा वर्षं दोन-दोन चॅम्पियन. फिडेने या काळात नेमकं तेच केलं जे आजच्या प्रश्नात मागितलंय: नॉकआऊट. शंभरएक खेळाडू, दोन-दोन डाव, बरोबरी झाली तर रॅपिड, ब्लिट्झ, हरला तो घरी. पहिल्याच वेळी, १९९७ अखेरीस ग्रोनिंगेनला, आनंदने तीन आठवडे एकामागून एक माणसं हरवली आणि दोन-चार दिवसांत लोझानला गेला तर तिथे ताजातवाना कार्पोव्ह बसलेला, थेट फायनलला. सहा डाव ३-३, रॅपिडमध्ये कार्पोव्ह २-०. आनंदने तिथे ३-३ कसं केलं हेच मला आश्चर्य वाटतं. पुढच्या वेळी ती सवलत काढली आणि मग १९९९ ला खलिफमान, २००० ला आनंद, नंतर पोनोमारियोव्ह, २००४ ला कासिमझानोव्ह असे विजेते आले. आनंद सोडला तर यातलं कुणी त्या वेळचा जगातला पहिल्या दोन-तीनातला खेळाडू नव्हता. सगळे जबरदस्त ग्रँडमास्टर, पण दोन डावांच्या मॅचमध्ये एक वाईट दुपार पुरते आणि 'जगज्जेता' म्हटल्यावर लोकांना जे अपेक्षित असतं ते यातून मिळालं नाही. हा प्रयोग करून झालाय, फसलाय, आणि नॉकआऊट आज वर्ल्ड कप म्हणून उरलाय, तिथे तो छान शोभतो.

दुसऱ्या बाजूला कास्पारोव्हच्या गटातही काही फार न्यायाचं राज्य नव्हतं. १९९८ ला शिरोव्हने क्रामनिकला पात्रता मॅचमध्ये हरवलं, कास्पारोव्हशी खेळायचा हक्क मिळवला, आणि प्रायोजकच मिळाला नाही म्हणून ती मॅच झालीच नाही. २००० ला लंडनला कास्पारोव्हसमोर बसला तो हरलेला क्रामनिक! त्याने बर्लिन डिफेन्स या बचावाची भिंत उभी केली, कास्पारोव्हला एकही डाव जिंकू दिला नाही आणि साडेआठ-साडेसहा चॅम्पियन झाला, पटावरचं कौतुक आहेच. पण शिरोव्हचं काय? १८८६ पासून १९९८ पर्यंत येऊनही पैसे उभे राहिले नाहीत की हक्क कागदावरच राहतो.

२००६ ला एलिस्टात क्रामनिक आणि टोपालोव्हने किताब एकत्र केला, क्रामनिक सारखा टॉयलेटला जातो या टोपालोव्हच्या गोटाच्या तक्रारीवरून झालेल्या वादासकट, एक डाव तर क्रामनिक खेळायलाच बसला नाही म्हणून गेला. ६-६, आणि पहिल्यांदा एकत्रित किताबाचा निकाल रॅपिडवर. बरोबरीत चॅम्पियनकडे किताब राहण्याची शेवटची वेळ म्हणजे २००४ ची क्रामनिक-लेको मॅच, ७-७.

आता सध्याचं. कॅन्डिडेट्सला आठ जण, प्रत्येकाशी दोनदा, १४ राऊंड. पोचायचे रस्ते वर्ल्ड कप, ग्रँड स्विस, वर्षभराच्या सर्किटचे गुण आणि रेटिंग. रेटिंगचा रस्ता मला कधीच आवडला नाही पण डिंग लिरेनची कथा त्यातूनच निघाली: कारयाकिनवर बंदी आली, एक जागा रिकामी झाली, डिंगचं रेटिंग होतं पण डाव पुरेसे झालेले नव्हते, चीनमध्ये घाईघाईने त्याच्यासाठी डाव भरवले, तो २०२२ च्या कॅन्डिडेट्सला गेला, दुसरा आला, आणि मग तेव्हाच्या चॅम्पियनने, कार्लसनने, किताब राखायला नकार दिला म्हणून दुसरा आलेला माणूस मॅचला गेला आणि २०२३ ला अस्तानात नेपोम्नियाश्चीला टायब्रेकमध्ये, म्हणजे बरोबरीनंतरच्या रॅपिडमध्ये, हरवून चॅम्पियन झाला. राऊंड रॉबिनमधलं १९६२ चं दुखणं पूर्ण गेलेलं नाही, शेवटच्या राऊंडला तुमचं भवितव्य दुसऱ्या टेबलावर ठरतं. २०१३ ला लंडनला कार्लसन आणि क्रामनिक दोघंही शेवटचा डाव हरले, गुण सारखे, कार्लसनचे विजय जास्त म्हणून तो पुढे गेला. २०२४ ला टोरंटोत गुकेश ड्रॉ करून बसला आणि नेपोम्नियाश्ची-कारुआना डाव ड्रॉ झाल्यावर नंबर लागला.

मग १४ डावांची मॅच, म्हणजे आधी साडेसात गुण करेल तो. १२ वरून १४ झाले कारण २०१८ ला लंडनमध्ये कार्लसन-कारुआना बाराच्या बारा डाव ड्रॉ झाले, आणि शेवटच्या डावात कार्लसनने बरी पोझिशन असून स्वतः ड्रॉ मागितला, कारण रॅपिडमध्ये आपण भारी आहोत हे त्याला ठाऊक होतं. ३-० जिंकला. चूक त्याची नाही, नियम तेच सांगत होता. २०२१ ला दुबईत कार्लसन-नेपोम्नियाश्ची मॅचचा सहावा डाव १३६ चालींचा झाला, पावणेआठ तास, टायटल मॅचमधला सगळ्यात लांब डाव, आणि त्यानंतर नेपोम्नियाश्ची पार कोसळला.

सिंगापूरला २०२४ मध्ये, डिंग-गुकेश मॅचला, घड्याळ असं होतं: पहिल्या ४० चालींना दोन तास, त्यात एकही सेकंद वाढीव नाही, मग ३० मिनिटं आणि एक्केचाळिसाव्या चालीपासून दर चालीला ३० सेकंद. ४० चालींआधी बोलून ड्रॉ करायला बंदी, पोझिशन तीनदा रिपीट केली तर मात्र चालतं, म्हणजे पळवाट आहेच. वाढीव सेकंद नसण्याचं महत्त्व टेबलाजवळ उभं राहिल्याशिवाय कळत नाही. अस्तानाच्या सातव्या डावात डिंग घड्याळ पळत असताना गोठून बसला होता, चाल सुचेना, आणि डाव गेला. बक्षिसाची वाटणीही नवीन होती, २५ लाख डॉलरपैकी प्रत्येक विजयाला दोन लाख आणि उरलेले अर्धे-अर्धे. गुकेशचे तीन विजय, डिंगचे दोन. चौदाव्या डावात ड्रॉकडे चाललेल्या एंडगेममध्ये डिंगने पंचावन्नाव्या चालीला हत्ती एफ२ वर आणला, गुकेशने हत्ती आणि उंटाची मारामारी करून नुसता राजा-प्याद्यांचा जिंकलेला डाव उरवला. साडेसात-साडेसहा, वय १८.

महिलांच्या किताबाचं थोडक्यात सांगतो कारण त्यावर वेगळं लिहायला हवं. १९२७ ला व्हेरा मेनचिकपासून सुरू, ती १९४४ ला लंडनवरच्या बॉम्बहल्ल्यात गेली. नंतर जॉर्जियाचं राज्य, नोना गाप्रिंदाश्विली १९६२ ते १९७८ आणि मग माया चिबुर्दानिद्झे. पुढे तिथे बराच काळ कधी नॉकआऊट कधी मॅच असा गोंधळ होता, होउ यिफान त्याला कंटाळून बाजूलाच झाली. आता तिथेही मॅच आहे आणि २०१८ पासून जु वेनजुनने किताब राखलाय.

राहिला टायब्रेकचा प्रश्न. १९८३ ला स्मिस्लोव्ह आणि ह्यूब्नरची कॅन्डिडेट्स मॅच जादा डाव खेळूनही ७-७ राहिली तेव्हा ऑस्ट्रियातल्या कॅसिनोत रुलेट फिरवून निकाल लावला होता, स्मिस्लोव्ह पुढे गेला आणि साठी ओलांडलेला माणूस कॅन्डिडेट्सच्या फायनलला पोचला. त्यापेक्षा रॅपिड हजारपट बरं. पण क्लासिकलचा (पूर्ण वेळेच्या डावांचा) किताब २००६, २०१२, २०१६, २०१८, २०२३ असा पाच वेळा रॅपिडवर ठरला हे मला खटकतं. बरोबरीत किताब चॅम्पियनकडे ठेवायचा नियम आता परत येणार नाही, लोक स्वीकारणार नाहीत. माझं मत विचाराल तर टायब्रेक मॅचच्या आधी खेळवा, पहिल्या दिवशी चार रॅपिड, जो जिंकेल त्याला क्लासिकल बरोबरीत किताब. ही कल्पना माझी नाही, बरीच वर्षं चर्चेत आहे. यात पहिल्या डावापासून दोघांपैकी एकाला जिंकायलाच हवं हे माहीत असतं, २०१८ सारखं थंड बसणं परवडत नाही. आणि डाव १४ चे १६ करा, एक डाव हरलेल्याला परत यायला जागा मिळते. चॅम्पियनला मात्र पहिल्या राऊंडपासून खेळवू नका.